वहिनींनी अडवलेली व्हॅन

आमच्या थोरल्या सुनेला गॅरेजात सगळे वहिनी म्हणतात. मालक म्हणतात, रंगारी म्हणतो, आणि ज्यांच्या नाती तिच्या वयाच्या आहेत असे पिकल्या केसांचे ड्रायव्हरही म्हणतात. गॅरेज चढावाच्या पायथ्याशी आहे. वर शाळा, दवाखाना आणि निम्मी वस्ती, खाली बाजार. त्यामुळे दिवसभर गाड्या एक तर धापा टाकत वर जातात, नाही तर ब्रेक दाबत खाली येतात. आमचा थोरला टायरचं काम करतो, त्याची बायको ब्रेकचं. दोघं दिवसभर एकाच चाकापाशी वाकलेली असतात, त्यामुळे भांडण तिथंच उरकतं, घरी काही शिल्लक राहत नाही.

ती या कामात कशी आली ते आधी सांगतो, ते सांगितल्याशिवाय मला पुढचं सुचायचं नाही. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. थोरला डबा विसरला म्हणून ही द्यायला गेली. तेवढ्यात फाटकातून एक टॅक्सी आत आली. डबा टेबलावर ठेवता ठेवता ही म्हणाली, "पुढचं उजवं चाक घासतंय."

फोरमन हसला. "वहिनी, डब्यात काय आणलंय ते सांगा, चाकाचं आम्ही बघतो."

मालकांनी मात्र चाक काढायला लावलं. ब्रेकच्या पॅडवरचा घासायचा थर पार संपून लोखंडावर लोखंड आलं होतं. मालकांनी विचारलं, "हे कुठं शिकलीस?"

"शिकले कुठली? माहेरी शिलाई मशीन होतं. कुठं कोरडं पडलंय ते आईच्या आधी मला ऐकू यायचं."

पुढच्या महिन्यापासून ती कामाला लागली. शिकवलं त्या फोरमननंच, आधी तोंड वाकडं करून आणि मग अगदी मनापासून. आता तो घरी बसलाय, पण स्वतःची गाडी घेऊन येतो तो हिच्याकडेच. दुसऱ्या कुणाला चाकाला हात लावू देत नाही.

मी तिला रोज खोदून खोदून विचारत असतो आणि ती भाजी निवडता निवडता सांगत असते. "हे बघा बाबा, चीं चीं आवाज आला, पेडल पूर्वीपेक्षा खोल जायला लागलं, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं, गाडी एका बाजूला ओढली, तर वाट बघत बसायचं नाही, गाडी दाखवायला आणायची. आणि यातलं काही झालं नाही तरी ठरलेल्या वेळी चाक काढून बघायचं."

शेवटचं वाक्य मी मान डोलवून सोडून दिलं होतं. त्याचं महत्त्व मला कळलं ते भोंग्याच्या व्हॅनमुळे.

भोंगा हा माझा चाळीस वर्षांचा दोस्त. तो आपल्या अंगणात हळू बोलला तरी पलीकडच्या गल्लीतून कुणी तरी उत्तर देतं, म्हणून हे नाव. शाळेची व्हॅन चालवतो. चौदा मुलं, रोज चढावावरून वर आणि दुपारी खाली. यंदा शाळेच्या मोठ्या बाईंनी नियम काढला: ज्याला पुढच्या वर्षी व्हॅन लावायची आहे त्यानं ब्रेक तपासल्याचा गॅरेजचा कागद सहीशिक्क्यासह आणून द्यायचा. शेवटचा दिवस शुक्रवार, दुपारी चारपर्यंत. कागद नसेल तर काम दुसऱ्याला. भोंगा उगवला तो शुक्रवारीच, सकाळी अकराला, आणि वशिला म्हणून मला शेजारी बसवून.

"वहिनी, चाकं काढायच्या भानगडीत पडू नका," तो म्हणाला. "मी चाकाच्या फटीतून बॅटरी मारून बघितलंय. पॅड चांगला सहा मिलिमीटर आहे. तुम्ही फक्त सही करा."

"तुम्ही बाहेरचा बघितलात काका. एका चाकात दोन असतात. आतला कुणी बघितला?"

तिनं जॅक लावला. पुढचं चाक निघालं. आतल्या बाजूचा पॅड जेमतेम दोन मिलिमीटर उरला होता. दोन्ही पॅड दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर मागेपुढे सरकतो त्या गंजून अडकल्या होत्या, म्हणून सगळा भार आतल्यावर पडत होता आणि बाहेरचा नुसता सोबतीला होता.

"म्हणजे घरात एकटा राबतो आणि दुसरा धडधाकट राहतो तसं," मी म्हणालो.

"तुझ्या तब्येतीकडे बघून कळतंच," भोंगा म्हणाला.

सूनबाई हसली नाही. ती पॅड हातात फिरवून बघत होती. "दोन मिलिमीटरवर याची शिट्टी वाजायला हवी होती."

मग तिनं आम्हाला दाखवलं. पॅडला एक करंगळीच्या नखाएवढी पोलादी पट्टी असते. पॅड झिजत आला की ती पट्टी चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कला टेकते आणि मुद्दाम किंचाळते, म्हणजे माणसाला कळावं की वेळ झाली. या पॅडची पट्टी मागे मुडपलेली होती. तिच्यावर पकडीचे दात उमटले होते.

सूनबाईनं भोंग्याकडे पाहिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो खरोखर हळू बोलला.

"मुलं कानात बोटं घालायची. नक्कल करायची. मोठ्या बाई फाटकात उभ्या, आणि माझी गाडी अशी कोकलत यायची. लाज वाटायची हो. मला वाटलं, कुठला तरी पत्रा सैल झालाय. चाक काढलं आणि मुडपून टाकला. आवाज गेला तर मला काय आनंद झाला. तीन आठवडे झाले त्याला."

आता मला माझ्या वशिल्याची आठवण झाली. मी म्हणालो, "झालं ते झालं. नवे पॅड घाल, पिना साफ कर आणि दे कागद. किती वेळ लागेल?"

तिनं डिस्कवरून आतून बाहेर अंगठ्याचं नख ओढलं आणि मग माझा हात धरून माझंही नख तसंच ओढलं. काठाशी ते अडकलं. ताटाला कड असते ना, तशी तिथं कड उभी राहिली होती. पॅड घासतो तेवढा भाग खोल गेलेला, काठ तेवढा मूळच्या उंचीचा राहिलेला. मग तिनं जाडी मोजायचं माप काढलं आणि चार ठिकाणी लावून बघितलं. नवी असताना ही डिस्क बावीस मिलिमीटर. कमीत कमी वीस हवी, हे डिस्कवरच कोरलेलं होतं. माप सांगत होतं एकोणीस. दुसऱ्या बाजूचं चाक काढलं, तिथंही तेच.

"दोन्ही डिस्क बदलायच्या," ती म्हणाली. "आपल्याकडे या मापाच्या नाहीत. उद्या दुपारी येतील. तोवर व्हॅन इथून हलणार नाही."

"अगं, पण नवे पॅड घातल्यावर थांबेल की गाडी," मी म्हणालो.

"बाजारापर्यंत थांबेल, बाबा. घासून घासून पातळ झालेली सुरीसुद्धा कापते, पण जोर दिला की मोडते. पातळ डिस्क लवकर तापते. चौदा मुलं घेऊन उतरताना मधल्या वळणावर पेडल मऊ पडलं, तर काका कशाला धरतील? माझ्या सहीला?"

भोंगा मालकांकडे गेला. मालक माणूस चांगला, त्यांना गिऱ्हाईक रडवेलं झालेलं बघवत नाही. ते येऊन म्हणाले, "वहिनी, आज पॅड घालून सही कर, उद्या डिस्क घाल. एका दिवसानं काय होतंय?"

"मग सही तुम्ही करा, मालक." तिनं कागद पुढे केला.

मालकांनी खिशातून पेन काढलं. कागदावर टेकवायच्या आधी सवयीनं खाली वाकले आणि डिस्कच्या काठावरून स्वतःचं नख ओढलं. एकदा ओढलं, पुन्हा एकदा ओढलं. मग पेनाला टोपण लावून आत निघून गेले.

मी शेवटचा प्रयत्न केला. "सूनबाई, मी त्याला शब्द दिलाय गं."

"तुमचा शब्द मी शाळेत येऊन सांभाळते. आत्ता फक्त जॅकपासून लांब उभे राहा."

तिनं कागद लिहिला. ठीक आहे वगैरे काही नाही, जे होतं ते: आतला पॅड इतका, बाहेरचा इतका, डिस्क इतकी, हवी इतकी, पिना अडकलेल्या, व्हॅन आज चालवण्याजोगी नाही, उद्या संध्याकाळी होईल. शाळेत आधी फोन करून सांगितलं, की आज मुलांना न्यायला पालकांना बोलवा. झिजलेला पॅड फडक्यात गुंडाळला आणि साडेतीनला आम्ही तिघं मालकांच्या गाडीतून वर निघालो.

मोठ्या बाईंनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे नापास."

"आज नापास," सूनबाई म्हणाली.

"पण मध्यंतरी यांच्या गाडीचा तो भयंकर आवाज बंद झाला होता. मला वाटलं दुरुस्ती केली."

भोंग्याला पत्र्याला दोष देता आला असता, नाही तर बाईंनाच म्हणता आलं असतं की तुम्हीच तर कटकट करत होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "दुरुस्ती नाही केली, बाई. जे सावध करत होतं तेच मी मुडपून टाकलं. मला कळलं नाही."

बाईंनी पॅड फडक्यातून काढून हातात घेतला. मग खणातून आणखी पाच कागद काढून टेबलावर मांडले. बाकीच्या पाच व्हॅनचे. सगळ्यांवर एकच ओळ: ब्रेक उत्तम.

"यातल्या एकाही कागदावर आकडा नाही," त्या सूनबाईला म्हणाल्या. "यांची चाकं काढून बघितली असतील का?"

"मला सांगता येणार नाही. मी बघितलेली नाहीत."

"तर मग बघा. सोमवारी सगळ्या व्हॅन तुमच्याकडे येतील. तुमचा कागद असेल तीच मुलांना नेईल." मग भोंग्याकडे वळून म्हणाल्या, "तुमचा दुरुस्तीचा कागद उद्या संध्याकाळी आला, की तुमचं काम चालू."

शनिवारी डिस्क आल्या. दोन्ही बाजूंना जोडीनं डिस्क आणि चार नवे पॅड बसले, पिना घासून ग्रीस लावून सरकत्या झाल्या. नवे पॅड नव्या डिस्कवर बसायला वेळ लागतो, म्हणून सूनबाईनं स्वतः व्हॅन सपाट रस्त्यावर काढली. भोंगा शेजारी, मी मागे मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून. वेग घ्यायचा, हलक्या पायानं कमी करायचा, थोडं मोकळं धावू द्यायचं, पुन्हा तेच. असं वीस वेळा. मग तिनं चढ चढून व्हॅन वळवली आणि उतार उतरला. प्रत्येक वळणावर पेडल दाबलं की गाडी हूं की चूं न करता अलगद थांबत होती. खाली आल्यावर तिनं कागदावर सही केली आणि भोंग्यानं तो दोन्ही हातांनी घेतला. मी खिडकीबाहेर बघत होतो, कारण माझ्या डोळ्यांत काही तरी गेलं होतं.

सोमवारी पाच व्हॅन फाटकात रांगेनं उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत दोन नापास झाल्या. त्यातल्या एकीचा ड्रायव्हर माझ्याशेजारी बाकावर येऊन बसला आणि कुजबुजला, "काका, त्या वहिनी तुमच्या सूनबाई ना? जरा शब्द टाका की. ऐकतील तुमचं."

"शुक्रवारी टाकून बघितला," मी म्हणालो, आणि त्याला नीट बसता यावं म्हणून थोडा सरकलो. "आता डिस्क येईपर्यंत बसा निवांत. तुम्हाला सांगतो, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि थोरला डबा विसरला..."