लाल दोऱ्याची तार

देवापुढे हात जोडून बसते तेव्हासुद्धा ही एक गोष्ट मी वगळून पुढे जाते. बहिणीला नाही, पोटच्या मुलीला नाही — कुणाला म्हणून सांगितलेली नाही. तुम्हाला का सांगतेय? काय माहीत. तुम्ही कधी आमच्या घरी येणार नाही, म्हणून असेल.

माझ्या नवऱ्याला कमी ऐकू येतं. आमच्या ओळखीतल्या सगळ्यांना हे ठाऊक आहे. मला त्याहून थोडं जास्त ठाऊक आहे — पण थांबा, आधी त्यांचे कान कसे होते ते सांगू द्या.

आम्ही अकोल्याचे. लग्न झालं आणि सुरतेला आलो. हे पांडेसऱ्याला कापड रंगवायच्या मिलमध्ये हिशेबाला. दिवसभर मशीनची धडधड आणि संध्याकाळी घरी आले की हार्मोनियम. कान असा, की शेजारच्या घरात पातेलं पडलं तरी त्याचा सूर सांगायचे, काळी दोन! गुरुवारच्या भजनाला पार बमरोलीपासून बोलावणं यायचं. यांनी पेटी धरल्याशिवाय तिथं कुणी तोंड उघडायचं नाही.

मीही गायचे. हो, मी! लग्नाआधी आमच्या गल्लीत माझ्याशिवाय कुणाच्या घरची हळद लागायची नाही. सुरतेतल्या पहिल्याच गणपतीत मंडळात गायला उभी राहिले, आणि दुसऱ्या कडव्याला यांनी पेटीवरचा हात उचलला. सगळ्यांसमोर हसून म्हणाले, "अगं, सूर खाली पडलाय, उचलून घे." लोक हसले. यांच्या मनात काही नव्हतं — खरंच नव्हतं, माणूस तसा नाहीच. पण मी खाली बसले ती बसलेच. पोळ्या लाटतानासुद्धा पुन्हा गुणगुणले नाही. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये हं. बायका याहून कितीतरी वाईट ऐकून घेतात, आणि असलं काही करत नाहीत.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मिलमधला जुना कॉम्प्युटर यांनी घरी आणला आणि डोक्यात ऑर्गन घेतला. लहानपणी नागपूरला एका चर्चच्या भिंतीबाहेर उभं राहून यांनी पाईप ऑर्गन ऐकला होता. उंचच उंच नळ्या, त्यांतून हवा फुंकली जाते, आणि खालचा सूर लागला की कानाआधी पोटात हलतं — हे मी किती वेळा ऐकलं असेल! आता म्हणे त्या नळ्यांचे आवाज कॉम्प्युटरमध्ये भरून मिळतात. की-बोर्ड जोडला की घरबसल्या चर्च. राहिलं काय, तर तो आवाज बाहेर काढायचा. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर.

अरे बाप्पा, काय ती निवड! पुढे मुलीसाठी स्थळं पाहिली नसतील इतके स्पीकर पाहिले. यांच्या खिशात ऑर्गनची कॅसेट, आणि सोबत मी. दुकानदार हौसेनं काहीतरी ढणाढणा लावायचा — "भाभी, जुओ, बारी हले छे!" खिडकी हलतेय म्हणे. यांचं तोंड वाकडं. ढोलाचा दणका क्षणाचा, ऑर्गनचा सूर बोट उचलेपर्यंत तस्साच उभा राहायला हवा. त्याला स्पीकरचा आत हलणारा पडदा मोठा हवा, ऐसपैस खोकं हवं, आणि अॅम्प्लिफायर असा की निम्म्या ताकदीत काम भागावं, धापा टाकायची पाळी येऊ नये. हे सगळं ते मला समजावून सांगायचे. मग दोन स्पीकर आळीपाळीनं लावून विचारायचे, कुठला बरा? मी सांगितलं की हसायचे. "राहू दे, तुला नाही कळायचं ते." दुकानदारासमोर. तेच ते हसणं.

शेवटी स्पीकर आणले, सुताराकडून दोन खोकी करून घेतली, बैठकीच्या दोन टोकांना ठेवली. भिंतीला लाकडी पट्टी ठोकून तिच्यातून तार नेली. तारेच्या दोन्ही शिरा एकाच रंगाच्या, कुठली कुठली कळेना. मग माझ्याच शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेऊन यांनी एका शिरेला दोन्ही टोकांशी बांधला. दोऱ्याची शीर अॅम्प्लिफायरच्या आणि स्पीकरच्या लाल खुणेला, बिनदोऱ्याची काळ्या. मी विचारलं, एकीकडे उलटं लागलं तर काय होतं? फार खूश झाले, मी विचारलं म्हणून. हातांनी करून दाखवलं — एकाचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. स्पीकर फुटत नाही, जळत नाही. नुसता जीव जातो आवाजातला.

त्या पहिल्या संध्याकाळी यांनी खालचा सूर धरला. तांब्यातलं पाणी थरथरलं. यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला म्हणाले, "आलं ना पोटात?" आलं होतं. मी तांब्या उचलून आत नेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे मिलमध्ये असताना मी उजव्या खोक्यामागे बसले. दोरा सोडला. दुसऱ्या शिरेला बांधला. आणि शिरा अदलाबदल करून लावल्या — दोरा लाल खुणेलाच, अगदी होता तिथं. मला मजा वाटत होती. हो, मजा! उगाच रागाचं, दुःखाचं नाव देत नाही.

संध्याकाळी हे वाजवायला बसले आणि थांबले. पुन्हा वाजवलं. खोकी सरकवली, अॅम्प्लिफायर उघडला, कॉम्प्युटर बंद-चालू केला. वाकून तारा पाहिल्या — दोरा लाल खुणेला, इकडेही, तिकडेही. मग सूर धरून स्पीकरवर तळवा ठेवला. पडदा तर हलत होता! हाताला लागत होतं आणि कानाला येत नव्हतं. चेहरा पांढरा पडला हो. वळून मला विचारलं, "अगं, तुला येतोय का खालचा सूर?"

इथं थांबता आलं असतं. खरं सांगायला एक शब्द पुरला असता. मी भाजी निवडत होते, मान वर केली आणि म्हटलं — "येतोय की! माझ्या तर पोटात हलतंय."

त्यांनी विश्वास ठेवला. माझ्या कानांवर — आयुष्यात पहिल्यांदा!

रविवारी मंडळातली चार माणसं ऐकायला बोलावलेली होती. त्यांनी कुठे ऐकलाय ऑर्गन? वा वा म्हणाले, चिवडा खाल्ला, आणि हे एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिले. यांना वाटलं, म्हणजे सगळ्यांना ऐकू येतंय, फक्त मला नाही. लोक गेल्यावर मीच म्हटलं, इतकी वर्षं मिलची धडधड, जाणारच की कान. इकडे लूमवरच्या माणसांचे जातातच, कुणाला नवल नाही. मुलगी म्हणाली, डॉक्टरला दाखवू या. मी म्हटलं, वयाला कसलं औषध गं?

यांनी की-बोर्डवर चादर घातली. मग भजनाला जाणं सोडलं. बोलावायला आलेल्यांना म्हणायचे, माझाच सूर चुकला तर? लोकांनी हसावं का? पेटी कुणाच्या तरी मुलाला देऊन टाकली. दुपारी घरात कुणी नसताना मी किती वेळा त्या खोक्यामागे जाऊन बसले असेन! दोन शिरांचं काम. एकदा दोरा सोडलासुद्धा. आणि पुन्हा तिथंच बांधला. आता यांनी मला गाण्यातलं काही विचारायचं, आणि मी सांगायचं — ते मला सोडवेना.

पुढे खोकी भंगारात गेली. तारेची पट्टी भिंतीत तशीच आहे, तिच्यावरून रंग मारला. घरी कुणी आलं की मीच आधी सांगते, जरा मोठ्यानं बोला. आणि हे मान डोलावतात, समोरच्याच्या ओठांकडे बघत. सांगून सांगून माणूस तसा होतो.

परवा नवीन शेजारीण आली. हे आतल्या खोलीत पडले होते, दार लोटलेलं. मी तिच्या कानाशी जाऊन, अगदी हळू म्हटलं, यांना कमी ऐकू येतं हं.

आतून आवाज आला, "कुणाला सांगतेस गं?"

ती चपापून माझ्याकडे बघू लागली. मी उठले, दाराशी गेले आणि बहिऱ्याशी बोलावं तसं ओरडून म्हटलं, "कुणी नाही हो! पडा तुम्ही!"

ते बरं म्हणाले.