आपल्या माणसाची गाडी

मंडळी, कोलकात्यात बसून महाराष्ट्रातून जुनी गाडी मागवायचा विचार असेल, तर आधी हे वाचा.

पुण्यातल्या एका गृहस्थांची गाडी मी व्हिडिओ कॉलवर बघून घेतली. दीड लाख किलोमीटर चालली आहे, हे त्यांनी स्वतःहून सांगितलं, म्हणून तर माणूस सरळ वाटला. वर म्हणाले, "आपल्या माणसाला फसवून कुठे जाणार?"

ऑफिसातले घोषदा म्हणत होते, "माझा मेहुणा पुण्यात असतो, मेकॅनिक घेऊन एकदा बघून येईल." मीच नको म्हटलं. मराठी माणसाची गाडी तपासायला बंगाली माणूस पाठवायचा, हे मला बरं दिसेना.

आज सकाळी डमडमला ट्रकमधून गाडी उतरली. दार उघडताच कुबट वास आला. घोषदांनी पायाखालचं कार्पेट उचललं, तर खाली वाळलेला चिखल आणि गंजलेला पत्रा. गाडी पुरात बुडालेली होती.

तिथूनच फोन लावला. इतके दिवस "दादा, वहिनींना नमस्कार सांगा" म्हणणारा हा माणूस आज चक्क हिंदीत बोलला. "देखिए भाईसाहब, पुरानी गाड़ी है, देखके लेनी थी."

मी मराठीतच भांडत राहिलो. त्याने फोन ठेवून दिला.

तुमच्यापैकी कितीजण निव्वळ आडनाव ऐकून असे फसलेत? खरं सांगा.

मी हे लिहितोय आणि शेजारी घोषदा बाह्या सरसावून माझ्या गाडीतला चिखल खरवडतायत.