मंदावलेल्या बारा तारा

कारखान्यात त्याला सगळे कानसेन म्हणत. पाण्याच्या पंपांच्या मोटारी बनवणारा कारखाना, आणि त्यातलं शेवटचं टेबल त्याचं. मोटार सुरू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं. मोजणारं यंत्र घ्यायचं दरवर्षी ठरे आणि दरवर्षी मालक म्हणे, कानसेन आहे ना, मग यंत्र कशाला. अशी सव्वीस वर्षं गेली. शिक्षण बेताचं, दुसरी कला नाही. घरचं पोटपाणी आणि बाहेरची अब्रू, दोन्ही त्या दोन कानांवर.

अशा माणसानं पन्नाशी उलटल्यावर गिटार घ्यावी, तीही बारा तारांची, इलेक्ट्रिक, हे बायकोला काही पटलं नव्हतं. गिटार दिसायला साठ वर्षांपूर्वीची. लाल रंग कडेला काळपट होत गेलेला, मोठाली चकचकीत बटणं. प्रत्यक्षात नवीकोरी, खिशाला झेपेल अशी, स्वस्तातली नक्कल. "म्हाताऱ्या बायका सुरकुत्या लपवतात," बायको म्हणाली, "आणि तुमची ही तरुणपणीच त्या रंगवून आलीय."

पण तिचा आवाज! बारा तारांच्या सहा जोड्या. त्यातल्या चार जोड्यांमध्ये जाड तारेशेजारी एक बारीक तार, वरच्या सुरातली. छेडलं की जाड तार बोले आणि बारीक तार तिच्यावर चांदण्या उधळी. सुरात लावताना मात्र बारा जणींचं एकत्र कुटुंब. एकीची समजूत काढावी तर दुसरी रुसलेली. कानसेनला त्याचंही कौतुक होतं. संध्याकाळी कामावरून आला की तास-दीड तास तो खुंट्या पिळत बसे, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला बायको शिलाईच्या मशीनवर गिऱ्हाइकांचे कपडे उसवत-शिवत बसे.

चार महिन्यांपूर्वी चांदण्या कमी झाल्या. तारा जुन्या झाल्या असतील, म्हणून त्यानं बाराच्या बारा बदलल्या. दोन दिवस बरं वाटलं, की त्यानं वाटून घेतलं, देव जाणे. मग पुन्हा तेच, गोधडीखालून वाजवल्यासारखं. त्यानं हवेला दोष दिला, वायरीला दिला, स्वस्त मालाला तर रोजच दिला. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. म्हणूनच तो अंगणाला जास्त शिव्या घालत होता. तारांचा दुसरा संच झाला, तिसरा झाला. गिटार जोडलेल्या अॅम्पच्या पेटीवरचं आवाज धारदार करणारं बटण दर आठवड्याला थोडं पुढं सरकत शेवटच्या खुणेवर जाऊन बसलं.

मन चिंती ते वैरी न चिंती. मनगटावरचं घड्याळ दर तासाला पीप करायचं, ते पीप बंद पडलं म्हणून त्यानं सेल बदलला. तरी पीप नाही. मग घड्याळ काढून त्यानं कपाटात ठेवून दिलं. कामावर दोन बोटं कानाजवळ एकमेकांवर घासून बघायची सवय लागली. कुणी बघितलं तर तो कान खाजवल्यासारखं करी. कान गेला तर आपण कोण? या वयात दारावर बसवतील, नाहीतर खोकी उचलायला लावतील. आणि कानसेन म्हणून हाक मारतील ती चेष्टेनं. रात्रभर हेच चाललेलं, सकाळी मात्र तो पुन्हा ठरवी की दोष तारांचाच आहे.

रविवारी दुपारी त्यानं चौथा संच चढवला. या वेळी महागातला. नीट सुरात लावून सगळ्या तारांवरून एकदा हात फिरवला. गोधडीच.

बायकोनं तोंडातल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या. "अहो, ते जरा कमी करा ना. सुया टोचल्यासारखं होतंय कानात."

"आजच?"

"आज कसलं? तीन-चार महिने झाले. म्हटलं, हौस आहे, कशाला बोला." तिनं केस मागं सारले तेव्हा कानातला कापसाचा बोळा दिसला.

कानसेननं बटण उलट फिरवत अर्ध्यावर आणलं, गिटार आणली त्या दिवशी होतं तिथं, आणि पुन्हा वाजवलं.

"हां," ती म्हणाली आणि कापूस काढून टाकला. "आता कसं छान, अगदी पहिल्यासारखं. आता वाजवा की."

तो वाजवत राहिला. बारीक तारा थरथरताना दिसत होत्या, बोटांखाली जाणवत होत्या. मशीन थांबवून ती ऐकत होती, म्हणून तोही हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलावत होता.

सोमवारी तो अर्धा तास आधी कामावर पोचला. टेबलाखालच्या खणात एक लाल रंगाचा पट्टा मारलेली मोटार असे. बेअरिंग गेलेली, मुद्दाम जपून ठेवलेली. नव्या माणसाला खराब मोटार कशी ओळखायची, हे शिकवायला ती त्यानंच बाजूला काढली होती. वाळू दळल्यासारखा तिचा आवाज दहा जणांना त्यानं ऐकवला असेल. त्यानं ती वर घेतली, सुरू केली, स्क्रूड्रायव्हर टेकवला आणि डोळे मिटले.

मोटार लोण्यासारखी फिरत होती. खोट काढायला जागा नाही.

गेल्या चार महिन्यांत त्यानं किती मोटारी पास केल्या होत्या, ते त्याला आठवेना. त्या कुणाच्या विहिरीवर, कुणाच्या गच्चीवर बसल्या असतील. मोटार तशीच चालू ठेवून तो दारात उभा राहिला आणि सुपरवायझर आल्या आल्या त्याला टेबलापाशी घेऊन आला.

"ऐका जरा."

"मी काय ऐकणार? तुम्ही असताना?"

"तुम्हीच ऐका, साहेब."

सुपरवायझरनं स्क्रूड्रायव्हर कानाशी नेला आणि लगेच काढला. "ही तर पार गेलीय. खरखर खरखर. ही काय मला ऐकवताय? बहिऱ्यालाही कळेल."

कानसेननं मोटार बंद केली. हे त्यानं बायकोलाही अजून सांगितलं नव्हतं.

"मला येत नाही ऐकू," तो म्हणाला.