पुष्पावतीची तापणारी व्हॅन

पुष्पावतीने व्हॅन घेतली त्या दिवशी अख्खी वस्ती ती बघायला जमली होती आणि प्रत्येकाने काही ना काही तपासलं. कुणी टायरला लाथ मारली, कुणी हॉर्न वाजवला. तिचा नवरा सहादेव मागचं दार चार वेळा उघडून लावून बघत होता. विकणारा माणूस मोठा गोडबोल्या. गाडी नगरहून थेट पळवत आणलेली, त्यामुळे चावी फिरवली की इंजिन लगेच सुरू व्हायचं आणि सगळे माना डोलवायचे. रात्रभर थंड पडलेली गाडी सकाळी कशी उठते, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. रेडिएटरचं झाकण उघडून आत बघणं तर दूरच. नारळ मात्र वाजतगाजत फोडला.

गाडी अकरा वर्षांची होती आणि पुष्पावती तिची चौथी मालकीण. कर्जत तालुक्यातल्या त्या कोरड्या वस्तीवरून ती आणि सहादेव बारा वर्षं ऊसतोडीला गेले होते. दसरा आला की श्रीमंत नावाच्या मुकादमाकडून आगाऊ उचल घ्यायची आणि गुढीपाडव्यापर्यंत परक्या मुलखात, पाचटाच्या कोपीत राहायचं. ती तोडायची, मोळ्या बांधायची, डोक्यावर घेऊन ट्रकात चढवायची. बाराव्या वर्षी तिची कंबर धरली ती सुटलीच नाही. तेव्हाच तिने ठरवलं, फडावर पुन्हा पाय ठेवायचा नाही. बैलजोडी विकली, गळ्यातलं मोडलं. सहादेवला स्टिअरिंग हातात आलं की घाम फुटायचा, म्हणून कर्जतच्या पोरांचं हसणं कानाआड करून गाडी शिकली तीच. वस्त्यांवरचं दूध गोळा करून कर्जतच्या संकलन केंद्रावर पोचवायचा रूट तिने मिळवला. अकरा कॅन, सकाळी नऊच्या आत. रूट टिकला तर फड सुटला, रूट गेला तर पुन्हा कोयता.

पण जुनी गाडी म्हणजे रोज रुसणारा पाहुणा. पहिल्याच महिन्यात बॅटरी बसली. मग क्लचची वायर भर बाजारात तुटली. सरकतं दार रुळावरून उतरलं ते दोरीने बांधलं, आणि तेव्हापासून सहादेव मागे कॅन धरून बसायला लागला. पासिंगची तारीख जवळ आली, तर ब्रेक एका बाजूला ओढतोय म्हणून गाडी नापास. विमा, धूर तपासणी, टायर. विकणाऱ्याने किंमत सांगितली होती, हे सगळं कुठे सांगितलं होतं? दुधाचे पैसे आले की निम्मे पेट्रोलपंपावर जायचे आणि उरलेल्यातले निम्मे कानिफनाथ मेस्त्रीच्या गॅरेजात. पुष्पावती चिडायची, मेस्त्रीशी भांडायची, पण सकाळी सहाला गाडीत बसलेली असायची.

पावसाळा संपला आणि गाडी तापायला लागली. या व्हॅनचं इंजिन थेट ड्रायव्हरच्या सीटखाली. तापमान दाखवणारा काटा कधीचा मेलेला, म्हणून सीटखालून वाफ आल्यावरच कळायचं. एकदा गाडी चढावर तासभर उभी राहिली, दुसऱ्यांदा पाऊण तास, आणि दोन कॅन दूध नासलं. केंद्राच्या मॅनेजरने शांतपणे सांगितलं, "बाई, तिसऱ्यांदा उशीर झाला तर रूट दुसऱ्याला देणार. माझाही नाइलाज आहे."

त्याच दुपारी कानिफनाथने रेडिएटरचा पाइप काढला. आतून पिवळा, चिकट गाळ पडला. पुष्पावतीने तो चिमटीत घेतला, चोळला आणि नाकाशी नेला.

"मेस्त्री, ही तर हळद हाय!"

"व्हय आक्का," कानिफनाथ म्हणाला. "रेडिएटर गळत हुता. हळद टाकली की भोक दोन-चार दिस बुजतं. तेवढ्यात गाडी इकून मोकळं व्हायचं. लई जुना खेळ हाय."

पुष्पावतीने त्या गोडबोल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मेस्त्रीने तिला मनसोक्त बोलू दिलं, मग त्याच पाइपातून पांढरी खपली काढून तिच्या हातावर ठेवली. "आन् हे कुनाचं? ह्यात पानी कुठलं घालता?"

"बोअरचं."

"बोअरच्या पान्यानं तुमच्या घरच्या पातेल्याला काय व्हतं?"

पुष्पावतीने ती खपली नखाने खरवडून बघितली. पातेल्याला चढणारी असलीच पांढरी खपली ती रोज वाळूने घासून काढायची, आणि तेच पाणी रोज सकाळी मोठ्या मायेने गाडीला पाजायची. निम्मा दोष आपलाच आहे हे कळल्यावर तिला त्या माणसापेक्षा स्वतःचाच जास्त राग आला.

दुसरा रेडिएटर नगरच्या भंगार बाजारातून यायला चार दिवस लागणार होते. कानिफनाथने आहे तो जमेल तेवढा साफ केला, चांगलं पाणी भरलं आणि बजावलं, "लई तापली तर हिटर फुल सोडा. इंजिनाची गरमी आत तुमच्या अंगावर यील, पन इंजिन वाचंल. आन् तापल्यावर झाकन उघडू नका, तोंड भाजंल."

घरी सहादेव म्हणाला, "अगं, दसरा आठ दिसांवर आला. मुकादम उद्या दुपारी येनार हाय. घिऊ उचल. ह्या खटाऱ्याचं काय खरं न्हाई."

"तुमी घ्या," ती म्हणाली. "मी यायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी अकरा कॅन भरून निघाले तेव्हा आठ वाजले होते. चार किलोमीटरवर सीट गरम लागायला लागली. चटका लागू नये म्हणून पुष्पावती सीटवर पोतं घालून बसायची. तिने गाडी बाजूला घेतली, पोतं ओढून काढलं आणि मागे सहादेवच्या अंगावर भिरकावलं.

"अगं, भाजशील की!"

"काटा मेलाय. आता मीच काटा. पोत्यातून मला गरमी कळत न्हाई."

तिने हिटर पूर्ण सोडला. ऑक्टोबरचं ऊन बाहेर होतंच, आता आतही आगीचा झोत सुरू झाला. चेहरा, गुडघे, पोटऱ्या सगळं शेकत होतं. घाम डोळ्यांत उतरत होता आणि पदराने तो पुसायला हात मोकळा नव्हता. सीट सोसवेनाशी झाली की ती सावलीला थांबायची, झाकणाला हात न लावता वाट बघायची, चटका कमी झाला की निघायची. पहिल्या थांब्यावर सहादेव काहीतरी बोलायला गेला आणि तिचं तोंड बघून कॅनची झाकणं घट्ट करायला लागला.

चढाच्या पायथ्याशी ती दुसऱ्यांदा थांबली तेव्हा श्रीमंत मुकादमाची मोटरसायकल शेजारी येऊन उभी राहिली. "वैनी, कशाला जिवाचे हाल करता? माजी पिकप मागंच हाय. दूध पोचवतो. फकस्त टोळीत दोघांचं नाव धरू का, तेवढं सांगा."

घड्याळात साडेआठ वाजून गेले होते. सहादेवने तिच्याकडे आशेने बघितलं. पुष्पावतीने तळहात सीटवर ठेवून बघितला आणि गिअर टाकला.

चढ तिने पहिल्या गिअरमध्ये काढला. मांड्यांना लागणारा चटका वाढला तशी ती पाय जरा उचलायची, ॲक्सिलरेटर हलका करायची, पुन्हा द्यायची. वर पोचेपर्यंत दातांखाली दाबलेल्या तिच्या ओठातून रक्त आलं होतं. उतारावर वारा लागला आणि इंजिन थोडं निवलं. केंद्राच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा नऊला चार मिनिटं कमी होती. मॅनेजरने एकेका कॅनचा वास घेतला, नमुने तपासले आणि अकराही कॅन घेतले.

कॅन उतरवून झाल्यावर पुष्पावती नळावर तोंड धुवायला गेली. गाडी सावलीत लोटायची म्हणून हँडब्रेक सोडायला सहादेव ड्रायव्हरच्या सीटवर बसला आणि ओरडून तसाच बाहेर उडी मारून उभा राहिला. मग त्याने नळाकडे बघितलं. ती पातळ अंगापासून सोडवत, पाय फाकवून हळूहळू चालत होती.

दुपारी मुकादम ओसरीवर आला, नोटांचं पुडकं काढलं आणि नेहमीप्रमाणे सहादेवपुढे धरलं. सहादेवने हात मागे घेतला.

"न्हाई मुकादम. औंदा आमी येत न्हाई."

"आन् उद्या ती गाडी मोडली म्हंजे?"

आतून पुष्पावती बाहेर आली. तिला बसवत नव्हतं, म्हणून चौकटीला धरून उभी राहिली.

"गाडी मोडली तर तिचा पार्ट भंगारात तरी मिळतो, मुकादम," ती म्हणाली. "बारा वर्सं तुमच्या फडावर माजी कंबर मोडली, तिचा पार्ट कुठं मिळतो तेवढं सांगा. मग येते."

मुकादमाने पुडकं खिशात घातलं. चहा ठेवला होता, पण तो थांबला नाही.