बेलाचं मधलं पान

"बाप तिकडं बसवलाय, अन् ही बगा, एकेक पान निरखायलीय," आत्या शेजारच्या काकूंना म्हणाली. आवाज तिने हळू केला होता, पण मागच्या पत्र्याखाली मी तिच्यापासून हातभर अंतरावरच बसले होते.

"इंग्लिश शाळंतली हाय," काकू म्हणाल्या. "रडाया बी इंग्लिशमधी येत आसंल."

मी पानं निवडत राहिले. आमच्यात दहन करत नाहीत. गेलेल्या माणसाला बसवून पुरतात आणि सोबत बेल ठेवतात. किडलेलं, फाटलेलं पान चालत नाही. ते काम आत्यानेच माझ्याकडे दिलं होतं.

अप्पा पुढच्या खोलीत होते. सकाळपासून मी तिथे गेले नव्हते. खोली पुरुषांनी भरलेली. मी आत पाऊल टाकलं की सगळे माझ्या चेहऱ्याकडे बघणार, हे मला माहीत होतं.

पानांकडे बघणं मला जमतं. काही काळापासून मी मोबाइलवरच्या वर्गात झाडापानांची चित्रं काढायला शिकतेय, पुस्तकांत छापतात तशी अचूक. चौसाळ्याला आमच्या दुकानामागे बेल आहे, म्हणून पहिलं चित्र त्याचंच. सोपं वाटलं. दर सोमवारी हातात घेतलेलं पान. शिकवणाऱ्या बाईंनी चित्र परत पाठवलं. मधल्या पानाला लांब देठ असतो, बाजूची दोन जवळजवळ देठाविना बसतात. मी तिन्ही एका टोकाला जुळवली होती, देवघरातल्या चांदीच्या बेलासारखी. शिवाय देठाखालची जाड गाठच नव्हती. पूजेच्या सवयीने ती मी आधीच मोडून टाकली होती.

"हे आठवणीतून काढलंय," बाईंनी लिहिलं. "पान समोर होतं ना?"

तेव्हापासून आधी नुसतं बघत बसायचं, पेन्सिल नंतर. अप्पा दुकानातून डोकावायचे. "आजून बगायलीसच का? पान वाळून जाईल की, माय."

पत्र्याखाली बसल्या बसल्या मी त्यांचा चेहरा आठवून पाहिला. कपाळावरचे विभूतीचे पट्टे आले. चष्मा आला. कानाची पाळी कशी होती, ते येईना. वरचा ओठ येईना. जे येत होतं ते सगळं भिंतीवरच्या फोटोतलं होतं.

पुढे गलबला वाढला. "चला, उचला आता," कुणीतरी म्हणालं. काका मागे आले, त्यांनी बेलाची पाटी उचलली.

"बायांनी हितंच थांबायचं."

आत्याने हंबरडा फोडला. काकूंनी तिला धरलं. मी उठले, काकांच्या बाजूने पुढे झाले आणि दारात उभी राहिले. खोलीतली माणसं वळून बघायला लागली. चौघांनी उचलायला वाकून हात घातलेले होते.

"थांबा," मी म्हणाले. "मी अप्पांना अजून बघितलं नाही."