शब्दाच्या वहीतला अंगठा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवरा होता तेव्हा त्याला नाही, लेकीला नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. नातीला सांगायची गरजच पडली नाही — तिला ते माहीत आहे.

मनातल्या मनात सांगायला बसले की मी आधी शाळेचंच सांगत राहते. आजही तसंच होणार.

पौडच्या पुढे, धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला मिशनची मुलींची शाळा आहे. मराठी शाळा. सिस्टर लोक चालवतात. तिथं मी बावीस वर्षं मावशी होते — झाडायचं, पुसायचं, घंटा द्यायची, आजारी पोरीला पेज नेऊन द्यायची. आम्ही हिंदू, गावातले शेतकरी. पण तुमचा देव कोणता, असं तिथं कुणी विचारलं नाही. खरं बोलाल का, एवढं मात्र विचारायचे.

त्यासाठी एक वही होती. काळ्या पुठ्ठ्याची, जाड. तिला शब्दाची वही म्हणायचे. जूनमध्ये शाळा उघडली की प्रार्थनेच्या हॉलमध्ये ती टेबलावर मांडायचे. एकेक मुलगी पुढं येऊन मोठ्यानं वाचायची — मी खोटं बोलणार नाही, मी चोरी करणार नाही, माझ्यामुळे दुसरीवर आळ आला तर मी उभी राहीन. मग तिची सही, आणि खाली घरच्या माणसाची. कारण घरच्यानंही तोच शब्द द्यायचा. शब्द मोडला की नावावर लाल रेघ मारून पोरीला घरी पाठवायचे. पण जी शुक्रवारच्या प्रार्थनेत आपणहून उभी राहील, तिला रेघ नाही. आठवडाभर बाग झाडायची, की संपलं. हे लक्षात ठेवा — आपणहून उभं राहिलं की रेघ नाही.

माझी नात पूनम पाचवीला तिथं गेली. लेक एकटी, पिरंगुटला कंपनीत कामाला, म्हणून पोर माझ्याकडं. वहीवर सही करायला माझी पाळी आली. माझ्या पुढच्या बाया झरझर सह्या करून गेल्या होत्या. आणि माझं अक्षर? कोंबडीनं उकरल्यासारखं. चौथीनंतर हातात पेन्सिल आली होती कुठं! लाज वाटली. "मला न्हाई लिवता येत, सिस्टर," म्हणाले आणि अंगठा दाबला. मी खोटं बोलणार नाही, या ओळीच्या खाली.

तेवढंच खोटं असतं तर आज लिहायला बसले नसते.

अडाणी ठरले आणि त्यामुळेच कामाला आले. परीक्षेचे पेपर शाळेतच झेरॉक्स करायचे. तिरक्या आलेल्या, काळ्या पडलेल्या प्रती स्वयंपाकघरामागच्या खड्ड्यात जाळायच्या. आधी हे काम शिपायाकडं होतं. पण शिपायाला वाचता येतं, म्हणून ते माझ्याकडं आलं. मोठ्या सिस्टरांनी विश्वासानं दिलं. चार वर्षं मी ते इमानानं केलं. सगळे कागद मी वाचायची — पण जाळायची.

पूनम नववीत गेली आणि गणितात गटांगळ्या खायला लागली. लेकीनं बजावून ठेवलं होतं, यंदा नापास झाली की शाळा बंद, स्थळ बघायचं. सहामाहीच्या वेळी एक प्रत जरा तिरकी आली होती. कोपरा कापलेला, बाकी अक्षर न् अक्षर स्वच्छ. इयत्ता नववी, गणित. बाकीचे कागद खड्ड्यात टाकले. तो पोलक्यात ठेवला.

इथवर आलं की मी थांबते. कारण ऐकणारा इथं मला सोडून देईल. आजीनं नातीसाठी केलं, कोण करणार नाही? असंच म्हणाल ना? थांबा जरा.

मंगल नावाची एक पोर होती. रिहे गावाच्या वरच्या अंगाला धनगरांची घरं आहेत, तिथली. बाप मेंढरं घेऊन निम्मं वर्ष लांब, म्हणून ती वसतिगृहात राहायची आणि रविवारी पूनमबरोबर आमच्या घरी जेवायला यायची. गणितात पहिली. मी चष्मा लावून वर्तमानपत्रातलं राशिभविष्य वाचून दाखवायची, तर मेष आली की ही उड्या मारायची — "मेष म्हंजी मेंढरूच की, आज्जी! बघा बघा, आमच्या मेंढरांच्या खांडव्याला या आठवड्यात काय मिळतंय!" मग पूनम हसून हसून ताटावर पडायची. मला आज्जी म्हणायची ती. शाळेतल्या बाकी पोरी मावशी म्हणायच्या.

परीक्षेचाच आहे असं सांगून तो कागद मी पूनमला दिला, पण तिला तो सुटेना. तिनं तो मंगलला दिला. सरावाचा आहे, सोडवून दे म्हणाली. मंगलनं एका संध्याकाळी सोडवला. दुसऱ्या दिवशी वसतिगृहात पोरींच्या पेट्या तपासल्या, त्यात तो निघाला. मंगलच्या अक्षरात, सगळी उत्तरं बरोबर.

मंगल म्हणाली, "सोडवला मीच. पर परीक्षेचा हाय, ते ठावं नव्हतं." कुणी दिला? ते सांगत नाही म्हणाली. सिस्टरांनी शुक्रवारपर्यंत वाट बघायचं ठरवलं.

पूनम घरी येऊन रडली. "आज्जी, मी उभी ऱ्हाते. उभं ऱ्हायलं की रेघ न्हाई मारत." शाळेनं तिला जे शिकवलं होतं तेच ती बोलत होती. मी काय केलं? मी तिला शपथ घातली. "उभी ऱ्हायलीस तर माझं मेलेलं तोंड बघशील." शाळेच्या फाटकाबाहेर खरं बोलून कुणाची शिक्षा माफ झालेली मी जन्मात बघितली नव्हती. सिस्टर माफ करतात, हे वहीत लिहिलेलं होतं, मी स्वतः वाचलेलं होतं, आणि तरी मला ते खोटं वाटलं. स्वतः खोटा असलेल्या माणसाला दुसऱ्याचं काय खरं वाटणार?

शुक्रवारी हॉल भरला. मंगल पुढं उभी. पूनम तिसऱ्या रांगेत, मान खाली. कागद जाळायचं काम माझं, म्हणून मला बोलावलं. सगळे जाळले का, मावशी? मी म्हणाले, "जाळले की. मला बाई अक्षर कळत न्हाई, मी काय करू कागद ठेवून?"

त्या वाक्याला मंगलनं मान वर केली.

तिला ठाऊक होतं ना. दर रविवारी तिची मेष मीच वाचत होते. त्या क्षणी तिला सगळं कळलं — कागद कुठून आला, कुणी आणला. 'आज्जीला वाचता येतं', एवढंच तिनं बोलायचं होतं. तिचे ओठ हलले. आणि ते हलले म्हणून मी घाईनं म्हणाले, "ही पोर मातुर खड्ड्यापाशी घुटमळत होती. मागल्या बुधवारी."

ते मला कुणीही विचारलेलं नव्हतं.

हेच सांगायचं होतं. कागद नाही, अंगठा नाही. हे. सिस्टर तिला ठेवायच्या विचारात होत्या, नंतर मला कळलं. पण आता ते चोरी आणि वर खोटं, दोन्ही झालं. मंगलनं माझ्याकडं बघितलं आणि ओठ मिटले. का मिटले? पूनमसाठी, की माझ्या घरी जेवली होती म्हणून? मी विचारलं नाही.

तिच्या नावावर लाल रेघ बसली. तिसऱ्या दिवशी तिचा बाप आला, मेंढरं भावावर सोडून. पेटी डोक्यावर घेतली आणि फाटकाशी माझ्यापुढं वाकला. "मावशी, तुमच्या घरचं खाल्लं पोरीनं, आन् तुमच्याच कामाला बट्टा लावला. चूक पदरात घ्या." मी म्हणाले, "असू द्या." असू द्या म्हणाले मी!

मंगल त्याच्या मागं उभी होती. "जाते, मावशी," म्हणाली. आज्जी नाही.

गणिताचा नवा पेपर काढला. पूनम त्यात पास झाली, तिच्या तिच्या बळावर. तो कागद लागलाच नव्हता तिला. आज ती पुण्यात नर्स आहे. फोन करते, गोळ्या घेतल्यास का विचारते, ठेवते. घरी आली तर जेवून आलेय म्हणते.

मी त्यानंतरही सहा वर्षं तिथं काम केलं. दर जूनमध्ये वहीवरची धूळ पुसली. निघाले तेव्हा शाल आणि नारळ दिला. मोठ्या सिस्टर भाषणात म्हणाल्या, मावशींना अक्षर येत नाही, पण शब्दाच्या पक्क्या. पोरींनी टाळ्या वाजवल्या. मी शाल घेतली. ती पेटीत आहे, कधी पांघरली नाही.

भीती होती म्हणून केलं, असं म्हणणार नाही. त्या पोरीला भीती नव्हती का? मी उभी राहिले असते तर माझी नोकरी गेली असती. एवढंच गेलं असतं.

परवा पिरंगुटच्या बाजारात मंगल दिसली. तिकडंच एका कंपनीच्या कँटीनमध्ये चपात्या लाटते. तिनं मला ओळखलं. "बऱ्या हाय का, मावशी?" व्हय म्हणाले. भाजी घेतली आणि बसमध्ये बसले.

मी चौथी पास आहे. मला वाचता येतं, लिहिता येतं. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलं आहे.