भाऊबीजेची अट

माझा स्वभावच संशयी. भाजीवाली "ताजी हाये बाई" म्हणाली की मी आधी देठ मोडून बघणार. त्यापायी घरात आयुष्यभर बोलणी खाल्ली, पण एका ठिकाणी हा स्वभाव कामाला आला. नव्वदच्या दशकात मी जुन्या जालन्यात शाळेत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी मुलींच्या बालगृहात बिनपगारी काम करायचे. एखाद्या पोरीला न्यायला नातेवाईक आले की त्यांच्या घरी जाऊन यायचं आणि पोरगी त्यांच्या हवाली करावी की नाही, ते बालगृहाच्या मंडळाला सांगायचं. दोन-दोन वर्षं न फिरकणाऱ्या माणसांना पोर भांडी घासण्याच्या वयाची झाली की बरोबर माया फुटते, हे मी तिथंच शिकले.

त्या वर्षी एक बाई आली. आमच्याकडच्या दहा वर्षांच्या एका मुलीची सख्खी आत्या, घनसावंगीच्या पलीकडच्या खेड्यातली. मुलीची आई वारलेली, बाप कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. "माझ्या भावाची लेक हाये, इथं कामून ऱ्हाईल?" म्हणत आत्या रडली. मी रडण्यावर जात नाही. विचारलं, "तुम्हाला मुलं किती?"

"एकच पोरगा. सतरा वर्षांचा."

झालं! माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या भागात भावाच्या लेकीवर आत्याचा पहिला हक्क. भाची सून म्हणून घरात आणली तर कुणाला काही वावगं वाटत नाही, उलट चार माणसं कौतुक करतात. अजून तीन-चार वर्षं पोसायचं आणि मुंडावळ्या बांधायच्या, विचारतंय कोण?

पण पोरगी रोज फाटकाशी बसून असायची. "बाई, आत्या कधी नेणार?" मी नको म्हटलं असतं तर ती अठराची होईपर्यंत तिथंच बसली असती.

म्हणून त्यांच्या घरी गेले. अंगण सारवलेलं, खुंटीला नवा फ्रॉक, "शाळा बिलकुल जवळ हाये." सगळं कसं छान! इतकं छान दिसलं की माझा संशय दुप्पट होतो. आत्याचा नवरा बाजेवर बसून गोड गोड बोलत होता. "घरचीच लेक हाये, बाई. तिला दुसऱ्याच्या घरी जायाची गरजच पडणार न्हाई. कधीच न्हाई."

ते 'कधीच' मला खटकलं. आत्या चहा गाळत होती. मी तिच्याजवळ जाऊन सरळ विचारलं, "सून करायची आहे ना हिला?"

तिचा हात थांबला. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. चोर सापडला, असंच मला वाटलं. मग मी बाजेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात अट घातली. "दिवाळीपुरती पोरगी पाठवायला सांगते. भाऊबीजेला मी येईन. माझ्यासमोर तिनं तुमच्या पोराला ओवाळायचं. नाही ओवाळलं, तर त्याच पावली तिला परत नेईन." एकदा चारचौघांत ओवाळलं की तो भाऊ झाला. मग सोयरीक काढायला तोंड कुणाला राहणार?

"आतेभावाला ओवाळायचं? हे कुठलं नवीन!" नवरा फटकन बोलला. आत्यानं गाळणं उचलून पुन्हा चहा गाळायला घेतला.

भाऊबीजेला माझा स्वतःचा भाऊ घरी आलेला. "संध्याकाळपर्यंत थांब रे," म्हटलं तर म्हणाला, "जा, जगाच्या भाऊबीजा करत फीर." खच्चून भरलेल्या बस, त्याहून भरलेल्या जीपा, कशीबशी पोचले. घरात आत्या आणि पोरगी, दोघीच!

"हे पोराला घेऊन जांब समर्थला दर्शनाला गेले," आत्या म्हणाली. "येईल तो."

येईल म्हणे! मला काय दूधखुळी समजलीस? मी उंबऱ्याशी बसून राहिले. ताट सजवून ठेवलेलं, निरांजनातली वात कोरडी. दुपार कलली. शेवटी मी पोरीला म्हटलं, "चल, कपडे घे तुझे." ती आत्याच्या पदराला धरून हुंदके द्यायला लागली. माझ्याही जिवाचं पाणी झालं, पण मी उठले.

तेवढ्यात पोरगा धावत अंगणात आला, घामानं निथळत. "बापूला रांगेत सोडून पळून आल्तो. जल्दी कर, ते येऊन राह्यलेत मागून."

आत्यानं त्याला पाटावर बसवलं. आणि मी सांगितलं नव्हतं ते केलं. दारात उभी राहून तिनं गल्लीतल्या बायका हाका मारून गोळा केल्या.

"अगं, काय करून राह्यलीस? नवरा काय म्हणल?" एकीनं तोंडाला पदर लावला.

"म्या काय करू? या सरकारी बाईंनी अट घातली. न्हाई ऐकलं तर पोरगी नेतील," आत्या मोठ्यांदा म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं. अशी अट कुणीतरी घालावी म्हणूनच ती थांबली होती, हे मला तेव्हा कळलं.

पोरीनं ओवाळलं. त्यानं खिशातून देवळाबाहेरच्या दुकानातल्या हिरव्या बांगड्या काढून तिला दिल्या.

जीपपर्यंत आत्या मला सोडायला आली. "मला बी माझ्या आत्यानंच आणलं व्हतं या घरात, तेराव्या वर्षी," ती म्हणाली. "लई जीव लावून आणलं व्हतं." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "पुढच्या भाऊबीजेला बी या, बाई. अन् अशाच भांडत या."

पोरगी आत्याकडंच राहिली. ती कॉलेजात जाईपर्यंत दर भाऊबीजेला मी गेले, दारापासूनच आवाज चढवत. घरी माझा भाऊ दिवे लागेपर्यंत वाट बघत बसायचा.